सातवी फेरी

तेजल खराडेचे वडील गेले त्याला दोन दिवस झाले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी, सावडायला माणसं जमायच्या आधी, तिनं पायात बूट चढवले, नाड्या आवळल्या आणि मागच्या दारानं बाहेर पडली. मागच्या दारानं गेलं की कुणाला दिसत नाही असं तिला वाटलं. जन्म तासगावात काढून माणसानं इतकं भाबडं असू नये.

शकुंतलाकाकू मोरीपाशी बंबात लाकडं सारत होत्या. त्यांनी मान वर केली.

"कुठं निघालीस गं?"

"मैदानावर. अर्ध्या तासात येते, काकू."

"आज तरी राहू दे की. घरात सुतक आहे. माणसं यायला लागतील आता. बापाची राख गोळा करायची सोडून पळायला चाललीस? लोक तोंडात शेण घालतील आमच्या."

तेजलकडं उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. ती खाली मान घालून निघाली.

मैदानावर तिनं अंग गरम केलं. उजवी टाच आतून लाकडासारखी झाली होती, पाऊल टेकताना करकर आवाज करत होती. शंभर मीटरच्या रेषेवर ती वाकली आणि जीव खाऊन पळाली. शेवटाला लावलेल्या यंत्रानं वेळ सांगितली, अकरा-एक्कावन्न सेकंद. तिथंच कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली आणि वाट बघत राहिली. मिनिटाभरानं टाचेत ऊब आली, मग कळ आली, आणि मग टाच सैल सुटली. तेव्हा कुठं तिला रडू आलं. बापासाठी दोन दिवसांत ती पहिल्यांदा रडत होती, आणि तेही घड्याळ बघून झाल्यावर.

घरी आली तेव्हा अंगणात माणसं बसली होती. कुणी तोंडावर बोललं नाही. पाठीमागं जे बोलायचं ते बोलून झालं होतं. "मेडलांचा माज आहे, दुसरं काय," हे मात्र तिच्या कानावर आलंच. नवरा सुयोग पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाला आणि पाहुण्यांच्या नजरेआड तिला आत घेऊन गेला.

लोकांना वाटायचं, या बाईला पळायचं वेड आहे. तेहतीस वर्षं वय झालं, आशियाई सुवर्ण मिळून आठ वर्षं लोटली, आता घरी बसावं, लेकराबाळांचं बघावं. पण हिचं आपलं सुरूच. खरी गोष्ट अशी होती, की पळण्याचा इतका वीट आलेलं माणूस अख्ख्या सांगली जिल्ह्यात दुसरं नव्हतं. तेजलला थांबता येत नव्हतं, एवढंच.

याचं मूळ अकरा वर्षांमागं होतं. तेजल तेव्हा बावीस वर्षांची. सरावात सुटताना तिला वाटलं, मागून कुणीतरी टाचेवर दगड मारला. मागं वळून बघितलं तर कुणी नव्हतं. टाचेमागची जाड शीर, जिला डॉक्टर कंडरा म्हणतात, ती मधोमध तुटली होती. पूर्वी असं झालं की धावपटूचं दुकान बंद. शीर शिवली तरी ती लांबट, सैल राहते. चालता येतं, पण शंभर मीटरला जी उसळी लागते ती मिळत नाही. आपण समजतो, पळणारा स्नायूंच्या जोरावर पळतो. ते अर्धंच खरं. पाऊल जमिनीला लागतं ते सेकंदाचा दहावा हिस्सा. तेवढ्यात शरीराच्या कितीतरी पट वजन त्या शिरेवर येतं, शीर ताणली जाते आणि तो ताण परत फेकून माणसाला पुढं उडवते.

मिरजेच्या एका संशोधन रुग्णालयात डॉ. यास्मिन मुजावर नव्या शिरा वाढवत होत्या. तेजलच्याच पेशी घेऊन, रेशमाच्या प्रथिनाच्या धाग्यावर पोसून, तिच्याच मापाची शीर. तशी शीर यापूर्वी इतरांनीही वाढवली होती, पण ती बसवल्यावर काही महिन्यांत विरायची. मुजावर मॅडमनी त्यात ताण ओळखणाऱ्या पेशी घातल्या.

"सतारी घडवणाऱ्या मिरजेत तार समजावून सांगावी लागत नाही," त्या तेजलला म्हणाल्या होत्या. "सतारीची तार जेवढी ओढून लावाल त्या सुरावर राहते. ही शीर तशी आहे, फक्त ती जिवंत आहे. बसवल्यावर चार महिने आपण तिला औषधानं झोपवून ठेवू. मग जागं करू. जागी झाल्यापासून चाळीस दिवस ती शिकते. रोज जास्तीत जास्त किती ताण येतो, ते या पेशी मोजतात आणि तेवढा ताण म्हणजेच आपलं रोजचं काम, असं धरून चालतात. पुढं आयुष्यभर त्या तेवढ्यासाठी शीर जपतात."

"आणि ताण कमी पडला तर?"

"मग पेशींना वाटतं, इथं शिरेची गरज नाही. शीर आणि हाड ही शरीरात चुलत भावंडंच. त्या चुना साठवायला लागतात आणि शिरेचं हाड होतं. म्हणून तर मर्यादा घालून दिलीय. चाळीस दिवस रोज सहाच फेऱ्या, आणि त्याही रुपयाला बारा आणे, म्हणजे पाऊण वेगानं. एवढ्यावर शिकलेली शीर पुढं नुसत्या चालण्या-फिरण्यावरही खूश राहते. घोट्याला हे मापक बांधायचं. सगळं इथं माझ्या पडद्यावर दिसेल."

धावपटूंच्या महासंघाचा नियमही तसाच होता. जास्त ताणाला शिकलेली शीर जास्त ताठ होते, जास्त उसळी देते. म्हणून मर्यादेत शिकलेली शीर असेल तरच स्पर्धेत उतरायचं, नाहीतर पदकं परत आणि प्रशिक्षकाचा परवाना रद्द.

नियम सगळ्यांना कळला होता. पण तासगावच्या मैदानावर त्याहून जुना एक नियम होता.

जालिंदर कोळेकर सर हे त्या मैदानाचे मालक नव्हते, पण त्यांच्याशिवाय तिथं गवताची काडी हलत नव्हती. द्राक्षबागायतदाराच्या घरातला माणूस. बाग भावांच्या हवाली करून पोरी पळवायला लागला. बेदाणा मोजून दिल्यावर वर एक ओंजळ घालायची तिकडं रीत आहे. सरांनी तीच मैदानावर आणली. कितीही फेऱ्या असोत, ठरलेल्या झाल्या की वर एक. "सहा आपल्या, सातवी देवाची," ते म्हणायचे. ती जीव तोडून पळायची. आणि देवाचं मोजायचं नसतं म्हणून सर घड्याळ खिशात टाकायचे.

त्या चाळीस दिवसांतही तेच झालं. सहा फेऱ्या बेतानं झाल्या, मापकावर नोंदल्या गेल्या. मग तेजलनं आपणहून मापक सोडून बाकावर ठेवलं, कारण देवाचं मोजायचं नसतं. आणि सातवी ती सुटली ती गोळीसारखी. सरांना त्यात लबाडी वाटली नाही, तिलाही नाही. दहा वर्षांची असल्यापासून ती ते करत होती. जेवून उठताना ताटाला हात लावून नमस्कार करावा, इतकं ते साधं होतं.

तीन वर्षांनी तिनं आशियाई स्पर्धेत दहा-अठ्ठ्याण्णव वेळ दिली. गावात तिची उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. सर जीपमध्ये चढायला तयार नव्हते, पोरांनी त्यांना उचलून ठेवलं. माईक हातात दिला तर सरांना एकच वाक्य सुचलं. "पोरगीनं देवाचं कधी चुकवलं नाही," एवढं बोलून ते खाली बसले.

तिचं लग्न झाल्यावर सगळं तिच्या ध्यानात आलं. सुयोग आणि ती पाच दिवस कोकणात गेली. चौथ्या दिवशी तिची टाच आखडली, पाचव्या दिवशी जिना उतरता येईना. परत आल्यावर ती धावली, बेतानं, काही फरक नाही. मग चिडून पूर्ण जोरात पळाली तेव्हा कळ येऊन टाच मोकळी झाली. दोन-तीनदा असं झाल्यावर तिनं स्वतःच हिशोब बसवला. दर तिसऱ्या दिवशी पूर्ण जोराची एक फेरी लागते. अकरा-साठच्या आत आली तर टाच सुटते, वर गेली तर नाही. तिच्या शिरेनं देवाची फेरी हेच आपलं रोजचं काम धरलं होतं.

ती मिरजेला गेली होती. मुजावर मॅडमनी जुना आलेख काढला, चाळीस दिवस, रोज सहा ठिपके, सगळे मर्यादेत. टाचेच्या एक्स-रेत चुन्याचे चार कण दिसत होते.

"वयाप्रमाणं होतं," त्या म्हणाल्या. "शीर उत्तम शिकलीय. तेजल, तुला पळायची सवय जडलीय, ती मनातून काढायला हवी. एका चांगल्या समुपदेशकाचा नंबर देते."

तेजलच्या ओठांवर आलं होतं. पण ते बोललं की पदक जाणार, सरांचा परवाना जाणार. त्याचंही एकवेळ चाललं असतं. सरांना कळलं असतं, की त्यांच्या देवाच्या फेरीनं तिला जन्माची वेठबिगारी लावली. सत्तरीला टेकलेला तो माणूस. ज्यानं तिला स्वतःच्या डब्यातली भाकरी खाऊ घातली, त्याला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आपल्याकडं गुरूचं चुकलं असं गुरूला कुणी सांगत नाही. तीही गप्प बसली. समुपदेशकाचा नंबर घेऊन घरी आली.

मग सुरू झाली ती कैद. प्रवास दोन दिवसांच्या वर नाही. ताप आला तरी पळायचं. सुयोगच्या बहिणीच्या लग्नात हळदीच्या अंगानं पळायचं. मुलाचा विषय निघाला की ती उठून जायची. पोटात बाळ घेऊन शंभर मीटर अकरा-साठच्या आत कोण पळेल? सुयोगनं एकदाच विचारलं होतं, "तुला नकोय का?" आणि ती म्हणाली होती, "हवंय. पण मला नऊ महिने नाहीत." त्याला अर्थ लागला नाही, पण त्यानं पुन्हा विचारलं नाही. चांगला माणूस; त्याच्या चांगुलपणाचाच तिला जास्त त्रास व्हायचा.

आणि वय कुणाला चुकलंय? अकरा-तीस, अकरा-चाळीस, आता अकरा-एक्कावन्न. साठ ओलांडलं की कितीही पळा, उपयोग नाही. टाचेचं हाड होणार आणि पाऊल घोट्यातून गोठणार. ती अशा कोठडीत होती जिची भिंत दरवर्षी वीतभर आत सरकत होती.

वडिलांचे दिवस झाले, तेरावं आटोपलं. पंधराव्या दिवशी तिच्या फेरीचा दिवस होता म्हणून ती संध्याकाळी मैदानावर गेली. सर होते. त्यांच्यापुढं एक पोरगी पळत होती, आटपाडीची कस्तुरी लोहार. एकोणीस वर्षांची, काटक. सुटायची तेव्हा वाळूत पाय आपटल्यासारखा आवाज यायचा.

"बघ तुझी वारसदार," सर म्हणाले. "हिचीपण शीर तुटली होती. मुजावरबाईंनीच बसवली. आज एकतिसावा दिवस."

कस्तुरीनं सहावी फेरी संपवली, चालत बाकापाशी आली, घोट्याचं मापक सोडून बाकावर ठेवलं आणि पुन्हा रेषेकडं निघाली. सरांनी घड्याळ खिशात टाकलं.

तेजल पुढं झाली.

"सर, तिला थांबवा."

"का गं?"

"सर, थांबवा म्हणते ना!"

दोन्ही हात पसरून ती रेषेवर आडवी उभी राहिली. कस्तुरी बघतच राहिली. सरांनी पोरीला घरी जायला सांगितलं आणि बाकावर बसले. तेजल त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली आणि सात वर्षांचं सगळं एका दमात सांगून टाकलं. कोकण, आखडलेली टाच, अकरा-साठ, न झालेलं मूल, सावडायच्या दिवशीची फेरी. सर ऐकत होते. अंधारून आलं.

"मला आधी का नाही सांगितलंस?" शेवटी ते म्हणाले.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाईट वाटलं असतं!" सरांचा आवाज फुटला. "अगं, वाईट वाटून मी मेलो असतो का? तुझ्यापायी त्या पोरीला एकतीस दिवस पळवलं मी. तू बरी झालीस, मेडल आणलंस, म्हणून तर तिला तेच दिलं. तू गप्प राहिलीस ते माझ्यासाठी, आणि भोगायचं तिनं?"

तेजल सरांना जपत होती आणि त्या जपण्याची किंमत आटपाडीची एक पोरगी मोजत होती. याचा तिनं सात वर्षांत कधी विचार केला नव्हता.

"चाळीसच्या आत आहे ती," ती म्हणाली. "मॅडम म्हणायच्या, चाळीसच्या आत पुन्हा झोपवता येतं. पहिल्यापासून शिकवता येतं."

"म्हणजे त्यांना सांगावं लागणार."

"हो."

सरांनी पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "आजपासून सातवी बंद," ते म्हणाले. "उरलेले नऊ दिवस तिला बारा आण्याच्या वर जाऊ देत नाही. कमी ताणाचे नऊ दिवस मिळाले तर शीर विसरेल कदाचित. तेवढं बघू. लगेच नको बोलायला, तेजे. माझं काही नाही गं. हे मैदान बंद होईल. बारा पोरी आहेत."

हे चूक आहे, हे तिला कळत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार लागतो आणि काडी धरणाऱ्याला तिची जाडी दिसत नाही. ती बरं म्हणाली. त्या दिवशी तिनं अकरा-चोपन्न दिले.

कस्तुरीच्या पस्तिसाव्या दिवशी सकाळी, स्वतःच्या फेरीचा दिवस नसतानाही, तेजल मैदानाकडं गेली, नुसती पोरीला बघायला. मैदान रिकामं होतं. मागच्या बाजूला, बेदाण्याच्या शेडकडं जाणाऱ्या सरळ रस्त्यावर, पावलं वाजत होती. कस्तुरी एकटी पळत होती, घोट्याला मापक नसताना. त्या वेगाला बारा आणे म्हणणारा माणूस आंधळाच असायला हवा.

"सरांनी बंद करायला सांगितलंय ना?"

कस्तुरी धापा टाकत थांबली. "सांगितलंय."

"कशासाठी, ते सांगितलं?"

"सांगितलं. सगळं सांगितलं." तिनं तोंडावरचा घाम पुसला. "ताई, एक विचारू? राग नका मानू. तुमचं मेडल परत घेतो आणि पाय मोकळा करून देतो, असं कुणी त्या वेळी म्हणालं असतं तर दिलं असतं का तुम्ही?"

तेजल रस्त्यावरच्या तिच्या पावलांच्या खुणांकडं बघायला लागली.

"नसतं ना? मग मला का अडवता? माझे बाबा भट्टीवर घण मारतात. आटपाडीत मला कुणी ओळखत नाही. तिसऱ्या दिवशी एकदा पळायचं एवढंच ना? मी तशीपण रोज पळते."

"आज पळतेस. तेहतिसाव्या वर्षी काय करशील?"

"तेहतीस?" कस्तुरी हसली. एकोणिसाव्या वर्षी तेहतीस म्हणजे कुठलंतरी लांबचं गाव असतं. तिथं आपल्याला कधी जायचं नाही असंच वाटतं. "तेव्हाचं तेव्हा. ताई, तुमचं झालं सगळं करून. तुम्हाला मिळालं ते मला मिळू नये, असं वाटतं का तुम्हाला?"

तेजलच्या मनात आलं, हिच्या एक मुस्काटात ठेवून द्यावी. त्याच वेळी असंही आलं, की ही माझंच बोलतेय. बाविसाव्या वर्षी मला कुणी अडवलं असतं तर मी याहून वाईट बोलले असते. पाच दिवस उरले होते. पोरगी ऐकणार नव्हती, आणि ऐकायचं वय तिचं नव्हतंच. ते ज्यांचं होतं ते दोघं मोठे गप्प बसले होते.

ती तशीच सरांच्या घरी गेली.

"सर, मी मिरजेला निघालेय. तुम्हाला सांगून जावं म्हणून आले. विचारायला नाही."

सर नुसत्या पायजम्यावर बसून पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा काढला, आत गेले, शर्ट घालून बाहेर आले.

"चल," ते म्हणाले.

"तुम्ही कशाला, सर?"

"सातवी कुणी लावली? तू का मी?"

सबंध रस्ताभर दोघं एक शब्द बोलले नाहीत. मुजावर मॅडमच्या खोलीत मात्र दोघंही एकदम बोलायला लागले, आणि मॅडमना दोनदा हात वर करून थांबवावं लागलं. ऐकून झाल्यावर त्यांनी तेजलचा तो जुना आलेख पुन्हा पडद्यावर लावला. रोज सहा ठिपके.

"मी तुला समुपदेशकाचा नंबर दिला होता," त्या म्हणाल्या. "तू तेव्हाच सांगितलं असतंस तर?"

"नाही सांगितलं, मॅडम."

"आणि मी फक्त ठिपके बघितले. तुझा पाय हातात घेऊन बघितलाच नाही." त्यांनी फोन उचलला आणि कस्तुरी लोहारची शीर पुन्हा झोपवायला तिला त्याच दिवशी दाखल करून घ्यायला सांगितलं.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणं झालं. महासंघानं चौकशी बसवली. सरांनी सगळं स्वतःवर घेतलं, तरी पदक गेलंच. आशियाई सुवर्ण दुसऱ्या क्रमांकाच्या बाईला गेलं. सरांचा परवाना गेला, मैदानाला कुलूप लागलं. अकरा पोरी सांगली-कोल्हापूरकडं पांगल्या. ज्या पेपरनं तेजलचा जीपमधला फोटो छापला होता, त्यानंच तिचा फोटो फुली मारून छापला. शकुंतलाकाकू चार बायकांत म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं, काहीतरी पाणी मुरतंय." खरं तर त्यांना काहीही कळलं नव्हतं.

तेजलची शीर काढून साधी बसवायची ठरली. ही नवी शीर, कायम झोपवूनच ठेवायची अशी, वाढायला सहा आठवडे लागणार होते. ती बसली की चालता येईल, थोडं लंगडत. पळता कधीच येणार नाही. आणि तोपर्यंत जुनी शीर जिवंत ठेवणं भाग होतं, नाहीतर हाड कापताना घोटाच जायचा. मान्यताप्राप्त मैदानावर पाऊल ठेवायला तिला बंदी. आणि दर तिसऱ्या दिवशी पळणं सक्तीचं! असला पेच कुणाच्या वाट्याला येऊ नये. ती बेदाण्याच्या शेडच्या रस्त्यावर पळायला लागली. सुयोगला आता सगळं माहीत होतं. तो एका टोकाला ट्रॅक्टर अडवायला उभा राहायचा. सहा आठवड्यांत चौदा वेळा ती पळाली. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे, कुणी शिट्टी मारायचं. अकरा-छप्पन्न. अकरा-सत्तावन्न. शेवटच्या वेळी अकरा-साठ, नेमके. टाच सुटायला तासभर लागला. सुयोग रस्त्याच्या कडेला तिचा पाय मांडीवर घेऊन बसला होता.

शस्त्रक्रियेनंतर तीन महिने पाय प्लास्टरमध्ये होता. पहिल्या तिसऱ्या दिवशी ती पहाटे दचकून उठली आणि अंधारात बूट शोधायला लागली. सुयोगनं दिवा लावला, तिला पुन्हा आडवं केलं. पुढं सवय झाली. प्लास्टर निघालं, काठी आली, मग काठीही सुटली. चालताना ती उजवीकडं झुकते. सुयोगनं मुलाचा विषय काढला नाही. एका दुपारी जेवताना तिनंच काढला, आणि त्याचा घास हातात राहिला.

सर तिच्या घरी येत नाहीत. बाजारात भेटले तर पाय कसा आहे विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढं निघतात.

दिवाळी संपल्यावर एक दिवस दारात कस्तुरी उभी. हातात पिशवी, चेहरा उतरलेला. तेजलनं आत बोलावलं तरी ती उंबऱ्याशीच उभी राहिली. ती गोड बोलायला आलेली नाही, हे दिसतच होतं.

"सांगलीला नवे कोच आहेत. बारा-दहाच्या आत येत नाही मी," ती म्हणाली. "राज्य स्पर्धा गेली. तुम्हाला सांगायला आले, तुम्ही होता म्हणून झालं हे. सातवी असती तर मी आज अकरात असते."

"असतीस," तेजल म्हणाली. तिनं वाद घातला नाही.

"त्यात डेंग्यू झाला. बावीस दिवस अंथरुणात. उठून संडासापर्यंत जायची ताकद नव्हती. सगळा सीझन गेला. लोक म्हणतात, नशीबच फुटकं पोरीचं."

"बावीस दिवस?"

"हो ना."

"एकदापण पळाली नाहीस?"

"कशी पळणार? ताप एकशे चार."

तेजल भिंतीला धरून उठली आणि लंगडत तिच्यापाशी आली.

"आणि टाच?"

"टाचेला काय झालंय?" कस्तुरी वैतागून म्हणाली. "टाच बरी आहे. तापातून उठले आणि चालत घरी आले. मी सांगतेय काय, तुम्ही विचारताय काय."

तेजलनं तोंडाला पदर लावला. पोरीला वाटलं, ताईंना आता पश्चात्ताप झाला. ती थोडी विरघळली, म्हणाली, "जाऊ दे, रडू नका," आणि मग चहाला थांबली.